पाणी उतरलेला विळा

माझ्या उजव्या बरगडीखाली दोन डाग आहेत. एक जरा लांब, एक तोकडा, आणि मधली कातडी आवळून आलेली. मी ते कोणाला दाखवत नाही. तरीही आमच्या गावातल्या निम्म्या बायकांनी ते पाहिले आहेत, कारण एक हिवाळा असा गेला की ते पाहायला बायका घरी येत.

त्या वर्षांत आमच्या मुलखाला कापसाने झपाटलं होतं. दूर अमेरिकेत लढाई चालू आहे आणि तिकडचा कापूस विलायतेला पोचत नाही, एवढं मला शाळेत कळलं होतं. गावात ते कोणाला माहीत नव्हतं. भाव माहीत होता, तेवढं त्यांना पुरत होतं. लोकांनी धुऱ्यापर्यंत, पार बांधाला लागून कपाशी लावली. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. आमच्या घरात नवी तांब्यापितळेची भांडी आली आणि मी अकोल्याला गेले, तीही त्या कापसामुळेच. मामा तिथे कचेरीत कारकून होते. त्यांच्या ओळखीने एका पाद्रीणबाईंच्या घरच्या शाळेत माझी सोय झाली. बाई आपल्या मुलींबरोबर आम्हा आणखी काही मुलींना शिकवत, आणि सगळं इंग्रजीतून. मी तिथेही फारशी बोलत नसे. घरी आले की गावाची इंग्रजी ऐकायची हौस मी भागवत नाही म्हणून लोक चिडत. माझ्या वयाच्या मुलींच्या मांडीवर मुलं खेळत होती, त्याबद्दल ते जे बोलत ते मी मान खाली घालून ऐकून घेई.

आमच्या सगळ्या वावरांत एकच तुकडा कापसाविना राहिला होता. तो आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, फार लहानपणी विधवा होऊन परत आलेली. आजोबांनी मरताना नाल्याकाठचा तेवढा तुकडा तिच्या चोळीबांगडीसाठी म्हणून तोंडी सांगून ठेवला होता. ती त्यात ज्वारी पेरायची. बाबा दर वर्षी पेरणीच्या आधी तिच्याशी हुज्जत घालत.

"अवो, सारा गाव कपाशी लावून राहिला. तूच एकटी काहून अडली?"

"तुह्या कापसाची भाकर होते का? होत असंन तर सांग, उद्या लावतो."

"ज्वारी काय, बाजारातून आणू."

"मी माह्या हातानं सोंगतो तोवर तिथं ज्वारी. माहा हात थांबला का मंग लाव तुले काय लावाचं थे."

कापणीचं हे ती हसत म्हणायची, पण बाबांनी ते मनात धरलं होतं आणि तिनेही.

तिचा विळा सासरहून आलेला होता. नवऱ्याच्या घरची ती एकच वस्तू तिच्याजवळ होती. गावातले विळे नरम लोखंडाचे, धारेला घासघासून चमचा झालेले. हिचा पोलादी होता. ज्वारीचा जाड धांडा त्याच्या एका ओढीत तुटे, करकर न होता. लहानपणी मी तिच्या मागून पेंढ्या गोळा करत चालायची तेव्हा तो आवाज ऐकत असे. ती तो कोणाला देत नसे. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडली जात. औत, कुऱ्हाड, अडकित्ता. आत्याचा विळा त्यात नसे. ती त्याला वेगळ्या पाटावर ठेवून हळदकुंकू लावायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मला कावीळ झाली. पाद्रीणबाईंनी माझे डोळे पाहिले, पडून राहा, तेलातुपाचं खाऊ नको म्हणाल्या आणि मामांनी मला गाडीत घालून घरी धाडलं. मूर्तिजापुरापर्यंत मी शुद्धीवर होते. पुढचा रस्ता आठवत नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी आमची गाडी सारखी बाजूला थांबत होती, एवढंच आठवतं.

घरी आत्याने माझी नखं उजेडात धरून पाहिली. आई रडायला लागली.

"डाग द्याले लागते," आत्या म्हणाली.

मी सांगितलं. माझ्यासारखीने जेवढ्या जोरात सांगावं त्यापेक्षा जोरात सांगितलं, की बाई म्हणतात ही आपोआप बरी होते, फक्त पडून राहायचं.

"आपोआप तर मरण बी येते," आत्या म्हणाली आणि उठली.

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण मान वळवली की चूल दिसत होती. बाभळीचे निखारे ओढून तिने ढीग केला. आढ्यातून विळा काढला. त्याच्या मुठीजवळ नवमीचं कुंकू अजून होतं. तिने पातं निखाऱ्यात खुपसलं आणि फुंकणीने फुंकायला लागली.

लख्ख पोलाद तापताना कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आधी काहीच होत नाही. मग जे टोक विस्तवात आहे त्याच्याकडून मुठीकडे रंग सरकायला लागतात. वाळल्या गवतासारखा पिवळा, त्याच्या मागून तपकिरी, मग वांग्याच्या सालीसारखा जांभळा, मग मोराच्या मानेचा निळा. एकेक रंग पुढे सरकतो आणि मागच्याला जागा करून देतो. शेवटी सगळं राखाडी होतं आणि त्या राखाडीतून लाल उगवतो. मला ते सुंदर वाटलं. विळा कशासाठी तापवतात हे मला ठाऊक असूनही वाटलं. कुंकू काळं पडलं तेव्हा आईने माझे पाय धरले.

डागाबद्दल मी लिहिणार नाही. माझं ओरडणं ऐकून शेजारच्या वाड्यातलं कुत्रं भुंकत सुटलं, एवढं पुरे.

काम झाल्यावर आत्याने विळा चुलीच्या राखेतच खोचून ठेवला आणि माझ्या उशाशी येऊन बसली. तो राखेत हळूहळू निवत राहिला. पुढे मला कळलं की लाल पोलादाला एकदम पाण्यात बुडवलं तर ते कडक होतं, आणि असं राखेत सावकाश निवू दिलं तर त्याचं पाणी उतरतं, ते शिशासारखं नरम पडतं. तापवणं एकच, पुढे काय होईल ते निवण्यावर ठरतं. आत्याने तो तेव्हा पाण्यात टाकला असता तर काही वाचलं असतं का, मी ठरवू शकत नाही. तिचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर होते.

मी बरी झाले. दिवाळीपर्यंत डोळे निवळले, भूक लागायला लागली. आत्या गल्लीभर सांगत फिरली. "जिवावरची होती, डागानं ओढली." बायका येत. "दाखव वं, लाजतं काहून? आम्ही का पुरुष हाओत?" मी पदर बाजूला करून भिंतीकडे पाहत राही. त्यांची थंड बोटं डागांवरून फिरत. त्या आत्याकडे ज्या नजरेने पाहत ती मी आधी पाहिली नव्हती. एरवी विधवा म्हणून हळदीकुंकवाच्या वेळी उठून आत जाणारी माझी आत्या त्या दिवसांत ओटीवर मधोमध बसायची.

मग सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कपाशीची पूजा, झाली, कापसाची वेचणी लागली आणि सगळा गाव वावरात गेला. ज्वारीही त्याच वेळी पिकली. आत्या विळा घेऊन नाल्याकाठी गेली आणि दुपारीच परत आली. मी ओटीवर सरकी निवडत होते. तिने विळा माझ्यासमोर ठेवला. धार सगळीकडून दुमडली होती, पत्र्याची कड दुमडावी तशी. धांडे तुटण्याऐवजी चेचले गेले होते. त्यांचा रस पात्याला चिकटला होता.

"पाणी उतरलं याचं," ती म्हणाली.

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"हे कोणाले माहीत नसते वं? सोंगणारीले तर असतेच."

"मग दुसरं काही तापवायचं होतं. घरात अडकित्ता होता, कुदळ होती."

"थ्यानं का होते? ज्यात पाणी हाये थेच लोखंड दुखणं ओढते. बिनपाण्याचं नुसतं कातडं जाळते." मग माझा चेहरा पाहून तिला हसू आलं. "तू काहून तोंड पाडतं? लोहार का मेला का? थो देईन पाणी पाजून."

लोहार मेला नव्हता, पण त्याला मरायला फुरसत नव्हती. त्याच्या अंगणात गाड्यांची चाकं एकावर एक रचलेली. कापसाच्या ओझ्याने जो तो चाकावर नवी धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवून मागत होता. गोवऱ्यांच्या आगीत ती कडी लाल होऊन पडली होती, आणि पलीकडे दोन गाडीवान आपला नंबर आधी म्हणून भांडत होते. मी आत्याबरोबर गेले होते. मी हट्टाने गेले होते. घरी बसवत नव्हतं.

"बाई, विळ्याचं मंग पाहू. सध्या धावाच लय हायेत."

"ज्वारी का तुह्यासाठी मंग थांबते? पाखरं बसून राहिले तिच्यावर."

"आणा," तो म्हणाला. विळा भट्टीत टाकला, भात्यावर दोन हात मारले, लाल झाल्यावर चिमट्याने उचलून कुंडात बुडवला. पाणी किंचाळलं. त्याने लगेच तो आत्याच्या हातात दिला.

"परत थोडी आंच नाही दाखवली?" आत्याने विचारलं.

"दाखवली, दाखवली," तो पुढचं चाक ओढत म्हणाला.

दाखवली नव्हती. आम्ही दोघी समोरच उभ्या होतो. पण मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, आणि आत्या मागे गाडीवानांनी लावलेला धोशा ऐकून वळली. नंतर कधीतरी मी त्याला दुसऱ्या कोणाचा विळा करताना पाहिलं. पाण्यातून काढल्यावर त्याने पातं विटेने घासून चकचकीत केलं आणि निखाऱ्यावर दुरूनच धरलं. पिवळा रंग आला, तपकिरी यायला लागला, तसं त्याने पुन्हा बुडवलं. कडकपणातला थोडा कडकपणा परत काढून घ्यायचा असतो. तो काढला नाही तर पोलाद काचेसारखं राहतं.

आत्याचा विळा दुसऱ्या दिवशी काचेसारखाच तुटला. ज्वारीच्या बुडाशी खडा होता म्हणे. पात्याचं टोक उडालं आणि राहिलेला तुटका भाग तिच्या डाव्या हातात गेला, ज्या हाताने ती धांड्यांची मूठ धरत होती. तिने पदराने हात गुंडाळला आणि चालत घरी आली. मधल्या दोन बोटांच्या जखमा भरल्या, पण ती पुन्हा मिटली नाहीत. आजही ती सरळच राहतात. त्या हाताने ती तवा धरते, पाणी भरते. पण ज्वारीची मूठ मिटलेल्या बोटांनीच धरावी लागते.

लोहार स्वतः घरी आला. ओटीखाली उभा राहिला, वर आला नाही. राहिलेला विळा मागून घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आणून दिला. "भट्टीच्या राखेतच निवू देला," तो म्हणाला. "आता नरमच राहू द्या. कोणाच्या हातात मोडाचा नाही." आत्याने त्याला चहा नव्हे, तेव्हा आमच्याकडे चहा नसे, गूळपाणी दिलं. बाबा म्हणाले, नवा विळा आणतो. ती म्हणाली, कोणत्या हातासाठी?

तिची राहिलेली ज्वारी पाखरांनी आणि मग सुट्या जनावरांनी खाल्ली. वेचणी सोडून कापायला कोणी मिळालं नाही. पुढच्या पेरणीला बाबांनी काही विचारलं नाही आणि तिनेही काही म्हटलं नाही. नाल्याकाठी कपाशी लागली.

या सगळ्यात माझी चूक काय, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी डाग मागितला नव्हता. मी नको म्हटलं होतं. विळा मी तापवला नाही, घाईने बुडवलाही नाही. मी फक्त बरी झाले. पण आत्या त्या सरळ बोटांनी टोपली धरून माझ्या ताटात भाकर वाढते तेव्हा तो घास गिळताना हा हिशेब उपयोगी पडत नाही.

त्या पेरणीच्या आधी, उन्हाळा लागायच्या सुमारास शेजारीण आपल्या लेकीला घेऊन आली. लहान पोर, परकराचा काठ चावत उभी. डोळे हळदीसारखे.

"आत्या, हिले बी देऊन द्या डाग. तुमच्या पोरीले कसा गुण आला."

आत्या लगेच सरळ बसली. कित्येक महिन्यांत ती तशी बसली नव्हती. तिने पोरीची नखं पाहिली, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली, जीभ काढायला लावली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "विळा काढ बरं वरचा."

मी विळा काढला. तुटका, काळा पडलेला. तो तिच्या हातात देताना ती पोर माझ्या पोटाकडे पाहत होती. तिच्या आईने तिला वाटेत सांगितलं असणार. पोरीने मला हळूच विचारलं, "लय जळते का वं?"

मला पाद्रीणबाईंचं म्हणणं सांगता आलं असतं. पण ते सांगणं म्हणजे आत्याला सगळ्यांसमोर सांगणं, की तुझा विळा, तुझी बोटं, तुझा तुकडा उगीचच गेला. आणि गप्प राहायचं म्हणजे त्या पोरीचे पाय धरायला बसायचं.

"आत्या," मी म्हटलं, "याच्यात आता पाणी नाही. लोहारानेच नरम केला. जे होतं ते माझ्यावर खर्चून गेलं. हा नुसता कातडी जाळील."

मी तिचेच शब्द तिला परत दिले होते. आत्याने विळा उलटा केला, नखाने धार दाबून पाहिली. मग वर पाहिलं. माझ्याकडे ती इतका वेळ कधी पाहत नसे.

"दुसरा आणतो ना," शेजारीण म्हणाली. "माह्या जेठाच्या घरी नवा कोरा हाये. अमरावतीचा."

आत्याने डावा हात वर केला आणि ती दोन बोटं तिला दाखवली.

"दुसऱ्याच्या विळ्याले माहा हात चालत नाही, बाई. गेला गुण. पोरीले निजवून ठेव, ताक पाज, तेल देऊ नको."

शेवटचं सांगणं माझ्या पाद्रीणबाईंचं होतं. आजारपणात मी एकदा म्हटलं होतं, ते तिने ऐकून ठेवलं होतं. शेजारीण जाताना पायरीवर जरा मोठ्यानेच पुटपुटली, "स्वतःच्या पोरीले देल्ला, आमच्या पोरीले नाही." त्यानंतर आमच्याकडे डाग पाहायला कोणी आलं नाही. आत्याही ओटीवरून भिंतीशी सरकली.

ती पोर बरी झाली. मी अकोल्याला परत जायच्या आदल्या दिवशी तिच्या आईने दिलेली अंबाडीची भाजी घेऊन ती धावतच आली. आत्याने तिला उंबऱ्यात थांबवलं, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि सोडून दिलं. पोर उड्या मारत गेली.

आत्या भाजी निवडायला बसली. तो तुटका विळा तिने मधल्या काळात एका फळीत ठोकून बसवला होता आणि पायाखाली फळी दाबून भाजी चिरायला घेतला होता. मी तिच्या शेजारी बसले. तिने जुडी पात्यावर दाबली. अंबाडी कापली गेली नाही, चेचली गेली.

"मंग तू बी झालीच असती बरी," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाही आत्या," मी म्हटलं. "तिची हलकी होती. माझी जबर होती. बाईच म्हणाल्या होत्या, वाचणं कठीण आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या सरळ बोटांच्या मधून पानं खाली पडत होती.

"लय शिकली तू अकोल्याले," ती म्हणाली. "खोटं बी आता चांगलं बोलतं." आणि दुसरी जुडी माझ्याकडे सरकवली. "घे. जोरानं दाब. याले धार नाही."

मी दाबली.